सॉफ्टवेअर नंतर, आधी कामाची पद्धत

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवलेला आहे आणि प्रश्नही जवळपास सगळ्यांचा एकच आहे: "साहेब, घरी गाणं रेकॉर्ड करायला सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?" बडोद्याहून हा प्रश्न येतो, इंदूरहून येतो, बेळगावहून येतो, हैदराबादहूनही येतो. मी प्रत्येकाला उलटा प्रश्न विचारतो: "तुमच्याकडे गाणं तयार कसं होतं, ते आधी सांगा."

काही जणांना वाटतं, मी उत्तर टाळतोय. तसं नाही. फौजेत कुठलीही मोहीम आखण्याआधी एक कागद लिहावा लागतो. त्याला अप्रिसिएशन म्हणतात. त्यात पहिलं येतं उद्दिष्ट. मग जमीन कशी आहे, आपल्याकडे माणसं आणि सामान किती, वेळ किती. त्यानंतर आपल्यापुढे मार्ग किती आहेत ते लिहायचं आणि सगळ्यात शेवटी निर्णय. हत्यार कोणतं उचलायचं हे पहिल्या ओळीत कोणी लिहीत नाही. संगीताच्या सॉफ्टवेअरचंही असंच आहे. आजच्या भागात आपण हा कागद मिळून भरू.

दोन घरं

दोन घरं डोळ्यांसमोर आणा. पहिल्या घरात भजनी मंडळ आहे. पाच जण गोल करून बसलेत. पेटी आहे, मृदंग आहे, टाळ आहेत, एक मुख्य गायक आणि धरायला बाकीचे. सगळे एकाच वेळी गातात. अभंग संथ सुरू होतो आणि चढत जातो. कोणी मध्येच थांबून "ही ओळ परत घेऊ" म्हणत नाही, कारण रंगलेलं भजन परत तसंच रंगत नाही.

दुसऱ्या घरात वीस वर्षांचा मुलगा आहे. माइक नाहीच. लॅपटॉप, हेडफोन आणि पंचवीस पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड. आधी ढोलकीचा एक तुकडा बनवतो, तो गोल गोल फिरवत ठेवतो, त्यावर बेस चढवतो, मग एखादी धून. गाणं रात्रभरात तुकड्या-तुकड्यांनी उभं राहतं. गायक शेवटी येतो, तोही दुसऱ्या गावाहून फाइल पाठवून.

दोघंही संगीतच करतात. पण एकाचं सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलं तर दोघंही अडतील. "सगळ्यात चांगलं कोणतं" या प्रश्नाला उत्तर नाही ते यामुळेच. "माझ्या कामाला कोणतं" या प्रश्नाला मात्र नक्की उत्तर आहे.

यंत्राच्या पोटात काय असतं

या सॉफ्टवेअरना डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन म्हणतात. बोलताना नुसतं "डॉ". नाव कुठलंही असो, कामं चारच: आवाज टिपणं, टिपलेल्यात काटछाट करणं, तुकड्यांची मांडणी करणं आणि सगळ्यांचं मिश्रण करून शेवटची फाइल काढणं. या चारही गोष्टी जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर करतं. फरक इतकाच, की चारपैकी कोणतं काम हाताशी ठेवलंय आणि कोणतं चार मेन्यूंच्या मागे ढकललंय.

दुसरी समजून घ्यायची गोष्ट म्हणजे ऑडिओ आणि मिडी यांतला फरक. ऑडिओ म्हणजे माइकमधून आलेला खरा आवाज. मिडी म्हणजे आवाज नव्हे, वाजवण्याची सूचना: कोणती पट्टी, कधी, किती जोरात, किती वेळ. आपल्या स्वरलिपीसारखंच. वहीत लिहिलेली बंदिश स्वतः वाजत नाही, वाजवणारा लागतो. मिडीला तो वाजवणारा सॉफ्टवेअरमधल्या वाद्यातून मिळतो. हे मानक १९८३ पासून आहे आणि आजही चालतं. भजनी मंडळाचं काम जवळपास पूर्ण ऑडिओचं, त्या मुलाचं बहुतेक मिडीचं. तुमचं काम कोणत्या बाजूला झुकतं, हे कागदावर लिहून ठेवा. अर्धी निवड तिथेच होते.

चार वाटा

आता मार्ग पाहू. मी चार गट करतो.

पहिला गट: समोर गाणं चाललंय आणि ते जसंच्या तसं टिपायचंय. एकच माइक असेल, एखादं कीर्तन किंवा आजीच्या ओव्या असतील, तर ऑडॅसिटी पुरतं. ते २००० सालापासून मोफत मिळतं, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं आणि शिकायला एक दुपार लागते. पूर्वी त्यात आवाजावर कुठलाही परिणाम लावला की मूळ तुकडाच बदलायचा. २०२२ च्या ३.२ आवृत्तीपासून वाजत असतानाच परिणाम लावता येतात आणि काढताही येतात. पण माइक चार-पाच झाले आणि प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा हवा असला, की मी रीपर सुचवतो. ते जुन्या संगणकावरही हलकं चालतं, ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून बघता येतं आणि वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरचा, म्हणजे पाच हजार रुपयांच्या आसपास आहे. दिसायला रुक्ष आहे आणि पहिले दोन आठवडे मेन्यूंचं जंगल वाटतं, हेही सांगतो. मॅक असेल तर गॅरेजबँड मोफत मिळतं आणि मंडळाच्या बऱ्याचशा कामाला तेच पुरेसं आहे.

दुसरा गट: पट्ट्यांवर बसून चाल बांधणारे. आधी धून, मग स्वरमेळ, मग वाद्यमेळ, मग गायक. यांना मिडीची काटछाट सोपी हवी आणि तयार वाद्यं भरपूर हवीत. इथे क्यूबेस आणि लॉजिक प्रो ही जुनी, मुरलेली नावं. क्यूबेस १९८९ मध्ये जर्मनीत अटारी संगणकावर सुरू झालं. आज बाहेरची वाद्यं सॉफ्टवेअरमध्ये जोडण्याची जी व्हीएसटी पद्धत सगळीकडे दिसते, ती त्याच कंपनीने १९९६ मध्ये आणली. लॉजिक प्रो फक्त ॲपलच्या यंत्रांवर चालतं. विंडोजचा लॅपटॉप असलेल्या माणसाने त्याचं कौतुक ऐकून उपयोग नाही. आपली जमीन कशी आहे ते बघायचं म्हणतो, ते हेच.

तिसरा गट: ठेक्यापासून सुरुवात करणारे, आपल्या दुसऱ्या घरातला मुलगा. एफएल स्टुडिओमध्ये ठेका चौकोनांच्या ओळीत भरता येतो आणि त्याचा पियानो रोल, म्हणजे स्वर मांडायची पाटी, फार सोयीची आहे. एकदा परवाना घेतला की पुढच्या आवृत्त्या त्याच पैशात मिळतात. मोफत चाचणीत एक अट आहे: काम साठवता येतं, पण परवाना घेईपर्यंत साठवलेलं पुन्हा उघडता येत नाही. त्यामुळे चाचणीत केलेल्या कामाची फाइल त्याच बैठकीत काढून घ्या. एबलटन लाइव्हची तऱ्हा वेगळी. त्यात तुकडे जाळीसारखे मांडलेले असतात, हवा तो तुकडा हव्या त्या क्षणी सुरू करायचा. मंचावर लॅपटॉप घेऊन वाजवणाऱ्यांना ते मानवतं.

चौथा गट: ज्यांचं काम पुढे दुसऱ्याच्या स्टुडिओत जाणार आहे. चित्रपट, मालिका, जाहिरात. इथे प्रो टूल्सचा वापर मोठा आहे आणि समोरचा स्टुडिओ जे वापरतो तेच आपल्याला येणं हा व्यवहार आहे. त्याची मोफत इंट्रो आवृत्ती आठ ऑडिओ ट्रॅकपर्यंत चालते. हात बसवायला तेवढं पुष्कळ. पण घरच्या भजनासाठी "मोठे स्टुडिओ वापरतात" म्हणून हे घेणं म्हणजे भाजी आणायला थ्री टनर काढणं.

आपल्या संगीताच्या तीन कसोट्या

ही सगळी सॉफ्टवेअर मुख्यतः पाश्चात्त्य सवयींवर बेतलेली आहेत. बहुतेकांत उघडलं की समोर चार-चारच्या मापाची जाळी आणि मिनिटाला १२० ठोके. आपण आपल्या कसोट्या लावून घ्यायच्या.

पहिली कसोटी तालाची. तीनताल सोळा मात्रांचा, म्हणून चार-चारच्या चार मापांत नीट बसतो. झपताल दहा मात्रांचा, तिथे माप पाचचं करावं लागतं. रूपकला सातचं. माप बदलता येतं का आणि ते किती सहज, हे पहिल्याच दिवशी तपासा. आणखी एक गंमत. सॉफ्टवेअरचा टिक-टिक ठोका पहिल्या मात्रेवर जोर देतो. रूपकात सम खालीवर येते, म्हणजे जिथे तबलजी हात हलका करतो तिथे यंत्र घाव घालतं. गाणारा गोंधळतो. यावर उपाय सोपा आहे: टिक-टिक बंद करा आणि तबल्याचा ठेका किंवा लेहरा रेकॉर्ड करून तोच हेडफोनमध्ये द्या.

दुसरी कसोटी लयीची. अभंग चढत जातो, आलापाला तर ठोकाच नसतो. अशा गायनाला जाळीत कोंबायचं नाही. जाळी बंद करून मोकळं रेकॉर्ड करायचं. नंतर त्यावर दुसरं वाद्य बसवायचं असेल, तर सॉफ्टवेअरने गाण्यामागे चालायला हवं. लॉजिक, क्यूबेस आणि रीपरमध्ये गाण्याच्या लयीप्रमाणे ठोक्यांचा नकाशा आखता येतो. मंडळासाठी निवड करत असाल तर हा मुद्दा मोठ्या अक्षरांत लिहा.

तिसरी कसोटी मींडेची. सूर सुधारणारी साधनं आता सगळीकडे आली आहेत. ती आवाजाला जवळच्या पट्टीवर ओढतात. आपल्याकडे सूर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, आंदोलन घेतो. ते यंत्राला चूक वाटतं. स्वयंचलित सुधारणा पूर्ण ताकदीने लावली की मींड पायऱ्यांसारखी ऐकू येते. साधन वापरायचंच असेल तर एखाद्या चुकलेल्या स्वरापुरतं, हाताने.

वेळ आणि जागा

आता यंत्राची तपासणी. गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा आला तर कोणालाच गाता येत नाही. हा उशीर सॉफ्टवेअरच्या बफरवर अवलंबून असतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेताना बफर २५६ ठेवला तर एका दिशेला साधारण ५ मिलिसेकंद लागतात. १०२४ ठेवला तर २१. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे २१ मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे मृदंगवाला तुमच्यापासून सात मीटर लांब जाऊन बसल्यासारखं. आणि आवाज आत जाऊन परत बाहेर यायचा असतो, म्हणजे उशीर दुप्पट. म्हणून रेकॉर्ड करताना बफर लहान, मिश्रण करताना मोठा. बफर लहान केल्यावर आवाज तडतडला, तर तुमच्या संगणकाला ते सॉफ्टवेअर किंवा त्यातली वाद्यं जड जात आहेत. ब्लूटूथ हेडफोन रेकॉर्डिंगच्या वेळी वापरू नका. त्यांचा स्वतःचा उशीर वेगळा असतो आणि तो कुठल्याच सॉफ्टवेअरने जात नाही.

जागेचा हिशेब असा. ४८,००० नमुने आणि २४ बिट या मापाने एका ट्रॅकला मिनिटाला साधारण साडेआठ एमबी लागतात. पाच माइक, दहा मिनिटांचं भजन: सुमारे ४३० एमबी. तेच पाच वेळा घेतलं तर दोन जीबीच्या वर. डिस्क आधी मोकळी करा, मंडळ येऊन बसल्यावर नव्हे.

आणि पैसे मोजके असतील तर आधी माइक, मग हेडफोन, मग खोलीत जाड पडदे आणि सतरंज्या. सॉफ्टवेअरला शेवटचा नंबर. पंख्याची घरघर आणि भिंतींचा घुमारा मागाहून धुऊन काढायचा प्रयत्न केला, तर आवाजाचा कसही सोबत जातो.

एक गाणं शेवटपर्यंत

इतकं लिहून झालं की कागदावर दोनच नावं उरतात. आता चाचणी. मी म्हणतो, दोन्हींत तेच एक गाणं शेवटपर्यंत न्या. प्रत्येकाला एक आठवडा द्या. नुसती बटणं दाबून बघण्याला चाचणी म्हणत नाहीत. पाच गोष्टी मोजा आणि वहीत लिहा.

एक, संगणक चालू केल्यापासून पहिला स्वर रेकॉर्ड होईपर्यंत किती मिनिटं लागली. दोन, अंतऱ्याची दुसरी ओळ चुकली तर फक्त तेवढी ओळ पुन्हा घ्यायला किती टप्पे लागले. तीन, दुसऱ्या दिवशी उघडल्यावर सगळं कालच्या जागी सापडलं का. चार, शेवटची फाइल काढून फोनवर, गाडीत आणि घरच्या टीव्हीवर ऐकता आली का. पाच, अडल्यावर तुम्हाला कळेल अशा भाषेत उत्तर किती वेळात मिळालं, किंवा फोन करून विचारावा असा माणूस ओळखीत आहे का.

पाचवा मुद्दा हलका समजू नका. शेजारचा मुलगा रीपर जाणत असेल, तर तुमच्यासाठी रीपरची किंमत तिथेच वाढली. फौजेतही हत्यार निवडताना त्याची दुरुस्ती करणारा पलटणीत आहे का, हे बघतात.

चाचणी संपल्यावर एक निवडा आणि वर्षभर दुसरीकडे बघू नका. युद्धशास्त्राचं पहिलं तत्त्व उद्दिष्ट निवडणं आणि त्यावर टिकून राहणं हे आहे. दर महिन्याला सॉफ्टवेअर बदलणाऱ्याचं एकही गाणं पूर्ण होत नाही, हे मी आजूबाजूला रोज बघतो.

फाइल सॉफ्टवेअरपेक्षा जास्त जगली पाहिजे

शेवटचा मुद्दा, माझ्या मते सगळ्यात मोठा. केकवॉक नावाचं सॉफ्टवेअर १९८७ पासून होतं. त्याचा वंशज सोनार जगभर वापरला जायचा. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याच्या मालक कंपनीने, गिब्सनने, पुढचं काम थांबवल्याचं जाहीर केलं. लोकांची वर्षानुवर्षांची कामं त्याच्या स्वतःच्या स्वरूपात साठवलेली होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने ते विकत घेतलं आणि मोफत दिलं, म्हणून धागा तुटला नाही. प्रत्येक वेळी असा वाली मिळेलच असं नाही.

म्हणून नियम करा. गाणं पूर्ण झालं की प्रत्येक ट्रॅक वेगळा, सगळे शून्य सेकंदापासून सुरू होणारे, वेव्ह स्वरूपात काढून ठेवा. "पेटी", "मृदंग", "मुख्य आवाज" अशी साधी नावं द्या. सोबत एका मजकुराच्या फाइलमध्ये तारीख, गाणाऱ्यांची नावं, पट्टी, ताल आणि गाण्याचे शब्द लिहा. दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलाकडे किंवा भाच्याकडे. वेव्ह फाइल कोणतंही सॉफ्टवेअर उघडतं, आजचं आणि बहुधा वीस वर्षांनंतरचंही. चोरीची आवृत्ती याच कारणासाठीही नको. ती अद्ययावत होत नाही, सोबत व्हायरस आणते आणि एके दिवशी उघडेनाशी होते. मोफत आणि प्रामाणिक पर्याय इतके असताना त्या वाटेला जायची गरजच नाही.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगतोय? आपल्यापैकी अनेक जण महाराष्ट्राबाहेर राहतात. तुमच्या घरातल्या ऐंशी वर्षांच्या मावशींना येणाऱ्या जात्यावरच्या ओव्या, मंगळागौरीची गाणी, तुमच्या गावच्या मंडळाची अभंगाची खास चाल कुठल्याही बाजारात मिळत नाही. ती एका माणसाच्या गळ्यात आहे. तो माणूस गेला की ती गेली. सहा महिने "कोणतं सॉफ्टवेअर घेऊ" यात घालवले, तर तोवर मावशींचा दम कमी झालेला असेल. अशा कामाला आज हातात आहे ते वापरा. फोनचा रेकॉर्डर चालेल, ऑडॅसिटी चालेल. पंखा बंद करा, माइक हातभर अंतरावर ठेवा आणि गाऊ द्या. निवड मागाहून होईल.

या आठवड्याचं काम एवढंच. एक कोरा कागद घ्या आणि चार ओळी लिहा: माझ्याकडे गाणं कसं जन्मतं, संगणक कोणता आहे, एका वेळी माइक किती लागतात, आणि फाइल शेवटी कोणाकडे जाणार. त्याखाली दोन सॉफ्टवेअरची नावं लिहा आणि उद्यापासून पहिल्याची चाचणी सुरू करा. पुढच्या भागात माइक कुठे ठेवायचा ते बघू. पेटी, मृदंग आणि आवाज, तिन्हींची जागा वेगळी असते.

भेटू या. जय हिंद.